दीर्घ आजारातील कृतज्ञता : वहीच्या दोन ओळी

घरात कुणाला दीर्घ आजार असला की भेटायला येणारी माणसं बहुतेक वेळा दोन सल्ले देतात. एक, "धीर धरा." आणि दुसरा, "घरचे एवढं करतात, त्याचं समाधान माना." दोन्ही सल्ले चांगल्या मनानं दिलेले असतात. पण सिकलसेल, किडनीचा आजार, कॅन्सर अशा दुखण्यांसोबत वर्षानुवर्षं जगणाऱ्या माणसांशी वस्तीत बसून आम्ही बोलतो, तेव्हा दुसरा सल्ला त्यांच्या मनात वेगळाच उतरलेला दिसतो. "घरच्यांनी आपल्यासाठी खूप केलं, आता आपण कुरकुर करायची नाही," असा त्याचा अर्थ ते घेतात. मग दुखलं तरी सांगत नाहीत. गोळ्या संपल्या तरी मागत नाहीत. आणि दवाखान्यात पोचायला उशीर होतो.

म्हणून या वेळच्या आरोग्याच्या पानावर कृतज्ञता हा विषय घेतला आहे. कृतज्ञता आजारी माणसाला बळ देते, हे खरं आहे. पण कृतज्ञतेच्या नावाखाली वेदना लपवली गेली, तर तीच जिवावर बेतते. या दोन गोष्टी वेगळ्या कशा ओळखायच्या आणि रोजच्या जगण्यात कृतज्ञतेचा सराव कसा करायचा, ते पाहू. उदाहरण सिकलसेलचं घेऊ, कारण विदर्भात आदिवासी समाजाबरोबर आपल्या बौद्ध समाजातही हा आजार मोठ्या प्रमाणात आढळतो. दुसरा कोणताही दीर्घ आजार घरात असला तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

सिकलसेलचं दुखणं

आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल आणि लवचीक असतात. सिकलसेलच्या रुग्णात त्या विळ्याच्या आकाराच्या आणि कडक होतात. निरोगी लाल पेशी साधारण 120 दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी 10 ते 20 दिवसांतच नष्ट होते, म्हणून अंगात रक्त कमी राहतं. या कडक पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाला रक्त पोचत नाही. तिथं जी कळ उठते तिला डॉक्टर 'क्रायसिस' म्हणतात. हात, पाय, कंबर, पाठ, छाती, कुठंही ती येते. थंडी, कमी पाणी पिणं, ताप, अतिश्रम आणि मनावरचा ताण यांनी ती सुरू होऊ शकते.

ही कळ फार तीव्र असते, पण मोठ्या माणसात बाहेरून बऱ्याचदा काहीच दिसत नाही. जखम नाही, प्लास्टर नाही. त्यामुळे "नाटक करतो", "शाळा बुडवायला निमित्त", "कामाचा कंटाळा" असे शब्द रुग्णाला ऐकावे लागतात. असे शब्द लहानपणापासून ऐकलेला मुलगा किंवा मुलगी मोठी होते तेव्हा दुखणं सांगायचंच सोडून देते.

हा आजार आई आणि वडील दोघांकडून येतो. दोघंही वाहक असतील, म्हणजे तपासणीच्या कागदावर दोघांच्याही नावापुढे 'एएस' असेल, तर प्रत्येक बाळंतपणात मूल 'एसएस' म्हणजे रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के असते. वाहक असण्याची 50 टक्के, आणि आजारापासून पूर्ण मुक्त असण्याची 25 टक्के. म्हणून एकट्या आईला दोष देणं चूक आहे. "मागच्या जन्मीचं पाप" म्हणणं तर साफच चूक. मागच्या जन्मीच्या कर्मावर आजच्या दुःखाचं खापर फोडणारा विचार बाबासाहेबांनी नाकारला, आणि तो आपल्या घरात आजारपणाच्या निमित्तानं मागच्या दारानं शिरता कामा नये. आजार नशिबाचा नाही. तो तपासता येतो, त्यावर उपचार करता येतात.

आधी पाणी, मग उपदेश

विनयपिटकातली एक गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी विहारात ऐकली असेल. बाबासाहेबांनीही ती 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात घेतली आहे. एका भिक्खूला जुलाबाचा आजार झाला होता आणि तो आपल्याच घाणीत पडून होता. तथागत आणि आनंद फिरत फिरत तिथं आले. तथागतांनी विचारलं, तुझी सेवा करायला कुणी नाही का? तो म्हणाला, कुणी नाही, कारण मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं. स्वतः पाणी ओतलं, आनंदानं अंग धुतलं. दोघांनी मिळून त्याला उचललं आणि खाटेवर निजवलं. मग भिक्खूंना बोलावून सांगितलं की इथं तुमचे आईवडील नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार?

या गोष्टीत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे क्रम. आधी पाणी आलं, अंग स्वच्छ झालं, खाट मिळाली. उपदेश नंतर आला, आणि तोही आजाऱ्याला केला नाही, भोवतालच्या निरोगी माणसांना केला. घाणीत पडलेल्या माणसाला कुणी "समाधान मान" असं म्हटलं नाही. दुसरी म्हणजे उपयोगाचा प्रश्न. "मी कुणाच्या उपयोगी पडत नाही" हे वाक्य आजही आमच्या कानावर पडतं. कामाला जाऊ न शकणारा बाप म्हणतो, लग्न न झालेली सिकलसेलची मुलगी म्हणते. माणसाची सेवा त्याच्या उपयोगावर ठरत नाही, हे तथागतांनी स्वतःच्या हातांनी दाखवून दिलं.

याच प्रसंगाला जोडून, सेवा करायला सोपा रुग्ण कोणता आणि अवघड कोणता, हे तथागतांनी सांगितलं आहे. सोप्या रुग्णाच्या पाच गोष्टींमध्ये पथ्य पाळणं, पथ्याचं प्रमाण ओळखणं, औषध घेणं आणि वेदना सोसण्याचं बळ ठेवणं या चार आहेत. पाचवी महत्त्वाची आहे. आपलं दुखणं सेवा करणाऱ्याला आहे तसं सांगणं. वाढलं असेल तर वाढलं म्हणून, कमी असेल तर कमी म्हणून, जसंच्या तसं असेल तर तसं. म्हणजे दुखणं खरं सांगणं ही तक्रार ठरत नाही. सेवा करणाऱ्याचं काम त्यानं सोपं होतं. नर्सिंगमध्ये आज आम्ही रुग्णाला "शून्य ते दहा, किती दुखतं?" असं विचारतो, तेव्हा हीच गोष्ट मागत असतो.

उपकाराचं ओझं आणि कृतज्ञता

वास्तुप्रवेश असो, नामकरण असो, आपल्या घरांत महामंगल सुत्त म्हटलं जातं. त्यात जी 38 मंगलं सांगितली आहेत त्यांत एक आहे 'कतञ्ञुता', म्हणजे कृतज्ञता. पालीत 'कतञ्ञू' आणि 'कतवेदी' हे दोन शब्द जोडीनं येतात. कतञ्ञू म्हणजे आपल्यासाठी काय केलं गेलं ते जाणणारा. कतवेदी म्हणजे ते बोलून, वागून प्रकट करणारा. जाणणं आणि प्रकट करणं, एवढंच त्यात आहे. आयुष्यभर मान खाली घालून राहणं त्यात नाही. गप्प बसणं त्यात नाही.

वस्तीत जे बऱ्याचदा दिसतं ते मात्र वेगळं असतं. ते असतं उपकाराचं ओझं. रोजीवर जाणाऱ्या बापाची मुलगी रात्रभर कळ सोसते, कारण दवाखान्यात न्यायचं तर बापाची रोजी बुडते. थोरल्या भावानं कर्ज काढलेलं असतं म्हणून धाकटा गोळ्या संपल्याचं सांगत नाही, एक दिवसाआड घेऊन पुरवतो. धुणीभांडी करून आलेल्या बायकोला पुन्हा उठवायचं जिवावर येतं म्हणून डायलिसिसवरचा नवरा दम लागल्याचं सकाळपर्यंत सांगत नाही. या सगळ्यांना घरच्यांबद्दल मनापासून प्रेम आहे. पण त्या प्रेमाचं रूपांतर गप्प बसण्यात झालं की छातीतलं दुखणं रात्रीतून वाढतं, आणि मग एका रोजीऐवजी महिन्याची रोजी जाते. कधी माणूसच जातो.

दोन्हीतला फरक ओळखायची एक साधी खूण आहे. ज्या भावनेमुळे तुम्ही खरं बोलायला घाबरता, ते ओझं. ज्या भावनेमुळे तुम्ही समोरच्याशी अधिक मोकळं बोलता, ती कृतज्ञता.

बाबासाहेबांनी आपल्या आजारात काय केलं?

बाबासाहेबांना मधुमेह होता. पायांच्या वेदना होत्या. अखेरच्या वर्षांत आधाराशिवाय चालणं कठीण झालं होतं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांनी याच आजारपणात लिहिला. 1956 साली त्यांनी या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत आपल्या आजाराचा उल्लेख स्पष्टपणे केला आहे. प्रकृती किती खालावली होती हे त्यांनी लपवलं नाही. आणि त्यातून आपल्याला सावरल्याचं श्रेय त्यांनी पत्नी डॉ. सविता आंबेडकर आणि त्यांच्यावर उपचार करणारे डॉ. मालवणकर यांना दिलं. ग्रंथाच्या कामात मदत करणाऱ्यांचेही आभार मानले. ग्रंथ 1957 साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला, तेव्हा पहिल्या आवृत्तीत ही प्रस्तावना छापली गेली नव्हती. त्यामुळे आपल्यातल्या अनेकांना ती माहीत नाही.

त्यांनी दुखणं होतं तसं सांगितलं, आणि त्या दुखण्यात ज्यांनी साथ दिली त्यांची नावं घेऊन, त्यांनी काय केलं ते सांगितलं. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी. आणि आजारपण होतं म्हणून हक्काची लढाई त्यांनी थांबवली नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली तेव्हाही त्यांची प्रकृती ठीक नव्हती. आजार, कृतज्ञता आणि लढा या तिन्ही गोष्टी एका आयुष्यात मावतात, हे आपण त्यांच्याकडून शिकू शकतो.

हक्क आणि आभार

सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळाल्या की आपली माणसं हात जोडतात. गोळ्या देणाऱ्या ताईंचे आभार जरूर मानावेत. त्यांनी नीट समजावून सांगितलं, वेळ दिला, त्याबद्दल ते आभार आहेत. पण गोळ्या ही मेहेरबानी नाही. लोकांचं आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य असल्याचं संविधानाच्या 47 व्या कलमात लिहिलं आहे. म्हणून "आज स्टॉक नाही, पुढच्या महिन्यात या" असं उत्तर आलं तर कृतज्ञतेपोटी मुकाट परत फिरू नका. जवळ कुठं मिळतील ते विचारा, वरच्या अधिकाऱ्याचं नाव विचारा, लेखी अर्ज द्या. सोबत महिला मंडळातल्या दोघी असतील तर आवाज नीट ऐकला जातो.

काही गोष्टी माहीत असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे जे 21 प्रकार दिले आहेत त्यांत सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना सरकारी रक्तपेढीत रक्त मोफत मिळतं. एसटी प्रवासातल्या सवलतीसाठी कोणती कागदपत्रं लागतात ते आगारात विचारा. 1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. त्याचा मुख्य भर आदिवासी भागांवर आहे. पण आजार शहरातल्या आपल्या वस्त्यांतही आहे, म्हणून तपासणी आपणही मागून घ्यायला हवी.

रोजचा सराव : वहीच्या दोन ओळी

2003 साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या एका भागात स्नायू आणि मज्जातंतूंचा दीर्घ आजार असलेल्या माणसांना 21 दिवस रोज, ज्याबद्दल कृतज्ञ वाटतं अशा गोष्टी लिहायला सांगितल्या. अशा नोंदी न करणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचं मन अधिक प्रसन्न राहिलं, झोप बरी लागली, इतरांशी जवळीक अधिक वाटली. आजार बरा झाला असा दावा त्यांनी केला नाही, आणि आपणही करू नये. कृतज्ञता औषधाच्या जागी येत नाही. औषध घेत घेत जगताना ती मनाला आधार देते.

आपल्या घरांसाठी आम्ही हा सराव थोडा बदलून सुचवतो. दहा-वीस रुपयांची वही घ्या. रोज संध्याकाळी, वंदना झाल्यावर, तिच्यात दोन ओळी लिहा.

पहिली ओळ दुखण्याची. कुठं दुखलं, शून्य ते दहा किती, कशानं वाढलं, कोणती गोळी घेतली.

दुसरी ओळ कृतज्ञतेची. आज कुणी, काय केलं.

उदाहरणार्थ :

"कंबर, सहा. दुपारी पाणी कमी प्यायले. गोळी रात्री नऊला.
शेजारच्या मावशींनी नळ आला तेव्हा आमचाही हंडा भरून ठेवला."

या दोन ओळी एकाच पानावर हव्यात. दुसरी ओळ लिहिण्यासाठी पहिली खोडायची नाही. वही दवाखान्यात नेली तर पहिल्या ओळी डॉक्टरांच्या कामाच्या असतात. महिन्यातून कितीदा कळ आली, कशानं आली, हे त्यातून दिसतं. दुसऱ्या ओळी तुमच्या स्वतःच्या आणि घराच्या कामाच्या असतात.

सराव करताना या गोष्टी लक्षात ठेवा.

1. नेमकं लिहा. "सगळे चांगले आहेत" असं लिहिलं तर दोन दिवसांत कंटाळा येतो. "भावानं शाळेतून येताना माझ्यासाठी नोट्स आणल्या" असं लिहिलं तर तो भाऊ डोळ्यांसमोर येतो.

2. लिहिता येत नसेल तर बोला. घरातलं लहान मूल लिहून देईल. आजीनं सांगायचं आणि नातवानं लिहायचं, यात दोघांचाही वेळ चांगला जातो.

3. ज्यानं केलं त्याला सांगा. वहीत लिहिलं की कतञ्ञू झालो. तोंडानं सांगितलं की कतवेदी. आठवड्यातून एकदा तरी एका माणसाला सांगा, "तू त्या दिवशी रात्री माझ्याजवळ बसलीस, मला बरं वाटलं." आपल्या घरांत असं बोलायची सवय नसते, सुरुवातीला लाज वाटते. सांगून पाहा.

4. जमेल तेवढंच परत करा. कृतज्ञता म्हणजे हिशेब नाही. अंथरुणावरून भाजी निवडून देता येते, लहानांचा अभ्यास घेता येतो, शेजारणीचा फॉर्म भरून देता येतो. काहीच जमत नसेल त्या दिवशी गोड शब्द पुरतो.

5. स्वतःच्या शरीरालाही त्यात जागा द्या. "आज जिना चढता आला", "आज भूक लागली" असंही लिहा. आजारी शरीराचा राग येणं साहजिक आहे. पण तेच शरीर दिवसभर आपल्यासाठी राबतंय.

6. ज्यांचं नाव माहीत नाही अशा माणसांनाही आठवा. रक्त चढवलं असेल तर कुणा अनोळखी माणसाच्या लाल पेशी पुढचे काही आठवडे तुमच्या अंगात काम करत असतात. त्याची जात, धर्म, वस्ती आपल्याला माहीत नसते. घरातल्या निरोगी माणसानं रक्तदान करणं ही त्याची उत्तम पोचपावती. 14 एप्रिल आणि 6 डिसेंबरला ठिकठिकाणी शिबिरं असतात. वय 18 ते 65, वजन किमान 45 किलो आणि हिमोग्लोबिन किमान 12.5 असावं लागतं. पुरुषांना दर 3 महिन्यांनी, स्त्रियांना दर 4 महिन्यांनी रक्त देता येतं. सिकलसेलचे वाहक असाल तर रक्तपेढीत तसं आधीच सांगा.

7. कळ उठलेली असताना दुसरी ओळ लिहायची नाही. त्या वेळी फक्त पाणी, ऊब, डॉक्टरांनी दिलेली गोळी आणि सोबत. वाईट दिवशी दुसरी ओळ कोरी राहिली तर राहू द्या. वही ही परीक्षा नाही.

सेवा करणाऱ्यांसाठी

आजारी माणसाकडून आभाराची अपेक्षा धरू नका, आणि "आम्ही तुझ्यासाठी किती करतो" हे वाक्य रागातसुद्धा तोंडातून काढू नका. ते ऐकलेला रुग्ण पुढच्या वेळी दुखणं लपवतो. तथागतांनी चांगल्या सेवकाचेही पाच गुण सांगितले आहेत. औषध तयार करून देता यावं, पथ्य-कुपथ्य कळावं, लोभानं नव्हे तर मैत्रीभावानं सेवा करावी, मलमूत्र-उलटीची किळस करू नये, आणि वेळोवेळी धम्माच्या बोलण्यानं रुग्णाचं मन उल्हसित करावं.

हे सगळं आपल्या घरांत बहुतेक वेळा एकटी बाई करते. आई, सून, नाहीतर शाळा सोडलेली मोठी मुलगी. घराची कृतज्ञता तिच्यापर्यंतही पोचली पाहिजे, आणि ती कामाच्या रूपात पोचली पाहिजे. आठवड्यातून एक दिवस पुरुषांनी दवाखान्याची फेरी करावी. एक रात्र दुसऱ्यानं जागावं. मुलीची शाळा सुटली असेल तर ती पुन्हा कशी सुरू होईल ते घरानं बसून ठरवावं. तिनंही हवी तर आपली दोन ओळींची वही ठेवावी. तिच्या पहिल्या ओळीत थकवा, झोप आणि पाठदुखी येऊ द्या.

कृतज्ञता वाटतच नसेल तर

काही दिवस असे येतात की कशाबद्दलच चांगलं वाटत नाही. ते चूक नाही आणि धम्मात कमी पडणंही नाही. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिलं, झोप-भूक गेली, कशातच गोडी उरली नाही, "मी ओझं आहे, मी नसलेलो बरं" असं वाटू लागलं, तर हे नैराश्य असू शकतं. दीर्घ आजारात ते होतं आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना सांगा. 14416 हा सरकारचा 'टेली मानस' मोफत मदत क्रमांक आहे, तिथं मराठीत बोलता येतं. असं कुणी बोलून दाखवलं तर त्याला कृतज्ञतेचा उपदेश करू नका. त्याच्याजवळ बसा, एकटं सोडू नका आणि मदत मिळवा.

कुणाचाही संकोच न करता लगेच दवाखाना

सिकलसेलच्या रुग्णाला पुढीलपैकी काहीही झालं तर रात्र असो, रोजी बुडो, थांबू नका.

* 101 फॅरनहाइट किंवा जास्त ताप
* छातीत दुखणं, धाप लागणं
* अचानक हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, झटका येणं
* लहान मुलाचं पोट डाव्या बाजूला फुगणं आणि अंग पांढरं पडणं
* घरच्या गोळीनं न थांबणारी कळ
* मुलगे आणि पुरुषांमध्ये लिंगाला दोन तासांहून अधिक काळ दुखरा ताठरपणा. लाजेनं हे लपवलं जातं, लपवू नका.

रोजची काळजीही सांगतो. दिवसभर थोडं थोडं करून भरपूर पाणी प्या. थंडीत ऊबदार कपडे घाला. फॉलिक ॲसिड आणि लसी वेळेवर घ्या. डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया सुरू केली असेल तर ती रोज घ्या आणि सांगतील तेव्हा रक्त तपासा. या गोळीनं कळा येण्याचं प्रमाण कमी होतं. बरं वाटलं म्हणून मनानं बंद करू नका. मूल हवं असेल किंवा दिवस गेले असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. रुग्णाच्या भावंडांची तपासणी करा, आणि लग्न जमवताना मुलगा-मुलगी दोघांचीही करा.

विहारात चर्चेसाठी

रविवारी वंदनेनंतर अर्धा तास काढून पुढच्या प्रश्नांवर बोलता येईल.

1. आपल्या वस्तीत दीर्घ आजार असलेली किती घरं आहेत? त्यांतल्या किती घरांत आपण शेवटचे कधी गेलो?
2. रात्री-अपरात्री रुग्णाला नेण्यासाठी कुणाची रिक्षा, कुणाचा फोन? ही यादी विहाराच्या भिंतीवर लावता येईल का?
3. रुग्णाला घेऊन जाणाऱ्याची रोजी बुडते. मंडळाच्या वर्गणीतून तेवढी मदत करता येईल का?
4. आपल्याला कुणी दुखणं सांगितलं तर आपण आधी ऐकतो, की आधी सल्ला देतो?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" असं आलं, तर वस्तीतल्या एखाद्या मुलीला बापाच्या रोजीसाठी रात्रभर कळ सोसावी लागणार नाही. या अंकाच्या निमित्तानं एवढं एक काम प्रत्येक विहारानं हाती घ्यावं, ही आमची विनंती आहे.